झबल्याची चिठ्ठी

मशीनची पुस्तिका फ्रेंचमध्ये करताना माझा एक नियम असतो. इंग्रजीतल्या एका शब्दाला फ्रेंचमधला एकच शब्द द्यायचा आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोच वापरायचा. पंप बसवणाऱ्या माणसाला भाषेचं सौंदर्य नको असतं. कुठला बोल्ट आधी पिळायचा एवढंच त्याला कळायला हवं. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांसाठी मी बरीच वर्षं हे काम करते आहे. शब्दांच्या याद्या ठेवते, त्या वेळच्या वेळी नीट करते, आणि त्यामुळे माझं काम वेळेत होतं.

‘कीप’ हा शब्द या पुस्तिकांमध्ये सारखा भेटतो. व्हॉल्व्ह बंद ठेवा, दाब इतकाच ठेवा, पातळी कायम ठेवा. माझ्या यादीत त्याच्यासमोर एकच फ्रेंच शब्द आहे, ‘मँतनीर’. आहे तसं धरून ठेवणं. त्यावर कधी कोणाची तक्रार आली नाही.

म्हणून पुतण्याचा फोनवर मेसेज आला तेव्हा मी फारसा विचार केला नाही. तो फ्रान्समध्ये ल्योंला असतो. त्याची बायको तिथलीच, शाळेत गणित शिकवते, आणि तिला तेव्हा आठवा महिना लागला होता. त्याने लिहिलं होतं, ‘काकू, आई सामान पाठवतेय. कशाचं काय करायचं ते मी इंग्रजीत लिहिलंय, पण हिला इंग्रजी वाचायचा कंटाळा. फ्रेंच करून दे ना. तुझं अर्ध्या तासाचं काम आहे.’

खाली त्याचं इंग्रजी होतं. पोरगा घाईत लिहितो. जवळजवळ प्रत्येक ओळीत ‘कीप’.

संध्याकाळी मी जाऊबाईंकडे गेले. गंगापूर रोडवर त्यांचं घर माझ्यापासून पाच मिनिटांवर आहे. त्या माझ्या मोठ्या जाऊबाई, मी त्यांना वहिनी म्हणते. त्यांच्या गुडघ्याची वाटी नुकतीच बदलली होती आणि एवढ्या लांबच्या विमानप्रवासाला डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं होतं. सुनेच्या आईची गावाकडे बेकरी. ती बंद ठेवून लेकीकडे फार दिवस राहणं तिला जमणार नव्हतं. तेव्हा बाळंतविडा करायचा तो सासूने, असं वहिनींनी ठरवून टाकलं. वास्तविक हा माहेरचा मान. त्या म्हणाल्या, ‘‘माहेर बेकरीत अडकलंय, तर सासरने नुसतं बघत बसायचं का? करू देत मला.’’

सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलेलं होतं. रविवार कारंज्याच्या दुकानातून आणलेला डिंक, अळीव, बाळंतशेपा, वेखंडाचा तुकडा. दिंडोरीहून भावाने पाठवलेले बेदाणे. खारकेची पूड. तुपाचं काही विमानातून न्यायचं नाही असं पुतण्याने बजावलं होतं, म्हणून लाडू इथून जाणार नव्हते. लाडवांचं सामान जाणार होतं आणि लाडू तिथे वळायचे होते. सूचना त्यासाठीच हव्या होत्या. पुतण्याचा एक मित्र त्या आठवड्यात परत निघाला होता, तो सगळं नेणार होता.

मी फोन उघडून पहिली ओळ वाचली. ‘‘डिंक: कीप ड्राय.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘कोरडा ठेवा.’’

‘‘बरोबर.’’

मी सवयीने ‘मँतनीर’ लिहिलं आणि पेन थांबलं. डिंकाच्या पुडीला मशीनची भाषा लावली होती मी. जणू डिंकाला कोरडेपणाच्या ठरावीक दाबावर चालवायचा आहे. खोडलं. तिथे ‘कॉन्सेर्वे’ हवं होतं, साठवणीचा शब्द.

‘‘पुढचं. अळीव, कीप अवे फ्रॉम सन.’’

‘‘उन्हात नको.’’

हा वेगळा शब्द. लांब धरणं.

‘‘पूड, कीप्स थ्री मंथ्स.’’

‘‘तीन महिने टिकते. पण सांग त्याला, त्याच्या हातात तीन दिवससुद्धा टिकायची नाही. लहानपणी खारकेची पूड चोरून खायचा.’’

‘‘कीप स्टरिंग.’’

‘‘ढवळत राहायचं. हात थांबला की डिंक करपला. त्याला हे दोनदा लिही.’’

‘‘कीप बेबी वॉर्म.’’

‘‘बाळाला ऊब राहू दे.’’

‘‘कीप व्हिजिटर्स आउट.’’

वहिनी हसल्या. ‘‘हे मी नाही सांगितलं. हे त्याचं स्वतःचं. लोक आलेले त्याला कधीच आवडले नाहीत.’’

अर्ध्या तासात मी दुसऱ्याच डब्यापाशी होते. पण एक गोष्ट लक्षात आली आणि मला बरं वाटलं. इंग्रजीवरून थेट फ्रेंचकडे गेले की मी अडखळत होते. वहिनींनी मराठीत सांगितलं की वाट सरळ होत होती. ठेवा, टिकते, ढवळत राहा, ऊब राहू दे. इंग्रजीने एका पिशवीत कोंबलेलं त्या एकेक करून बाहेर काढून ठेवत होत्या आणि मी प्रत्येकाला फ्रेंच चिठ्ठी लावत होते. आयुष्यभर मी एकटी टेबलापाशी बसून अनुवाद केला. शेजारी कोणी बसून ‘म्हणजे कसं’ हे सांगतंय याची मला सवयच नव्हती. चहा दोनदा झाला.

शेवटची ओळ राहिली. ‘आई हॅज केप्ट धिस फॉर द बेबी. प्लीज कीप.’

‘‘हे कशाचं, वहिनी?’’

त्या उठल्या नाहीत. खुर्चीतूनच त्यांनी बाजूच्या पिशवीतून एक जुनी उशीची खोळ काढली आणि तिच्यातून झबलं.

मी ते लगेच ओळखलं. आमच्या सासूबाईंनी स्वतःच्या मलमली साडीचं हाताने शिवलेलं, पुतण्याच्या वेळचं. बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं लावायचं नाही, नवं बोचतं, वापरून मऊ झालेलंच घालायचं, ही आमच्याकडची रीत. पुतण्याच्या वेळी त्याचा एक बंद तुटला तेव्हा वहिनींनी आपल्या खणाच्या ब्लाउजमधून उरलेली लाल पट्टी लावली. पुढे माझी मुलगी झाली. मी दुसरा बंद बदलला, पिवळा लावला. शिवण मला येत नाही, तो वाकडा बसला आणि तसाच राहिला. मग वहिनींच्या इमारतीतल्या, तळमजल्यावरच्या भाभींना मुलगी झाली. त्यांचे मिस्टर मेन रोडला शिलाई मशीन दुरुस्त करतात, त्यामुळे त्यांचा हिरवा बंद सर्वांत सरळ. नंतर इगतपुरीला दिलेल्या नणंदेचा मुलगा, त्याचा निळा. नियम कोणी केला नव्हता. झबलं आलं, बाळाने घातलं, बाळाच्या आईने सगळ्यांत कमजोर बंद बदलला आणि धुऊन परत पाठवलं. चार आयांचे चार बंद.

‘‘पाठवताय ना?’’ मी विचारलं.

वहिनी झबल्याची घडी उलगडत होत्या, परत घालत होत्या. ‘‘तूच सांग. तिला जुनं चालतं का?’’

त्या कशाबद्दल बोलत होत्या ते मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी दोघं आली होती. वहिनींनी सुनेला स्वतःची पैठणी नेसवली होती, एकदाच नेसलेली, नणंदेच्या लग्नातली. सूनबाई सुंदर दिसली, सगळ्यांना नमस्कार केले, फोटो झाले. जाताना ती साडी बिछान्यावर व्यवस्थित घडी करून ठेवून गेली. वहिनींनी तिला ती दिली होती. कोणी कोणाला काही विचारलं नाही. वहिनींना फ्रेंच येत नाही, सुनेला मराठी येत नाही, आणि पुतण्या असल्या गोष्टी लक्षात ठेवणारा माणूस नाही. मीही विचारलं नाही. साडी कपाटात गेली ती तिथेच होती.

‘‘ती साडी वेगळी, वहिनी.’’

‘‘काय वेगळी? दिलेलं ठेवून गेली. आता चार पोरांनी घातलेलं, डाग पडलेलं झबलं पाठवू? म्हणेल, सासूला नवं घेता येत नव्हतं का? दोन वर्षांत माझं-तिचं एक वाक्य झालं नाहीये गं. पहिलंच वाक्य हे व्हायचं?’’

हा प्रश्न होता. डिंक करपला असता तर पुतण्याने दुसरा आणला असता. या शेवटच्या ओळीत मात्र एक बाई दुसऱ्या बाईच्या घरात पहिलं पाऊल टाकत होती.

मी कामाला लागले. काय म्हणायचंय ते आधी ठरवा, असं मी कारखान्याच्या इंजिनियर लोकांना नेहमी सांगते, तेच वहिनींना सांगितलं. ‘‘हे तिने ठेवून घ्यायचं का?’’

‘‘छे! ठेवून घेऊन कसं चालेल? पुढच्या बाळाला लागेल.’’

‘‘मग परत पाठवायचं?’’

‘‘असं कसं म्हणू? दिलेलं परत माग म्हणतेस?’’

‘‘मग सांभाळायचं?’’

‘‘सांभाळायचं, पण घालून. कपाटात ठेवून नाही.’’

‘‘वहिनी, एक काहीतरी सांगा.’’

‘‘हे तिचं आहे. आणि तिचं एकटीचं नाही.’’

फ्रेंचमध्ये सगळ्यांत जवळचा शब्द ‘गार्दे’. जवळ ठेवणं, राखणं, दुसऱ्याचं मूल दिवसभर सांभाळणंसुद्धा त्यात येतं. चांगला शब्द आहे. पण चिठ्ठीवर तो एकटा लिहिला असता तर ‘ठेवून घे’ असा हुकूम झाला असता. मला एकदम कळलं की माझ्या सगळ्या पुस्तिका हुकमांच्याच आहेत. ठेवा, करा, उघडू नका. वर्षानुवर्षं मी फ्रेंचमध्ये लोकांना हुकूम देत आले होते. इथे हुकूम चालणार नव्हता.

‘‘बंद बदलायची रीत लिहू का?’’ मी विचारलं.

वहिनींनी माझा हातच धरला. ‘‘अजिबात नको. सुईदोरा घेऊन बस असं सांगतेस बाळंतिणीला? तिला वाटेल सासू परीक्षा घेते.’’

‘‘मग फक्त आहे ते लिहिते. कोणाचा कुठला बंद.’’

‘‘तेवढं लिही. पुढचं तिच्यावर.’’

मी जाड कागदाचा एक तुकडा कापला आणि चांगल्या अक्षरात लिहिलं. चार बाळांनी सगळ्यांत आधी हे घातलं. पहिलं बाळ तुझा नवरा. लाल बंद तुझ्या सासूबाईंचा. पिवळा, वाकडा, माझा. हिरवा खालच्या भाभींचा, निळा आत्यांचा. आणि शेवटी ‘कीप’ सोडूनच दिला. त्याऐवजी ‘कॉन्फिए’ घेतला. विश्वासाने हाती सोपवणं. ‘आम्ही हे तुझ्या हाती सोपवतो.’ एवढंच.

वहिनींना मराठीत वाचून दाखवलं. ‘‘वाकडा कशाला लिहिलंस?’’

‘‘तिला दिसणारच आहे.’’

‘‘दिसू दे. लिहायचं कशाला?’’ पण तो शब्द त्यांनी काढू दिला नाही. सामान गेलं.

बाळ झालं, मुलगी. व्हिडिओ कॉल सुरू झाले. वहिनी स्क्रीनजवळ इतक्या जायच्या की समोरच्यांना फक्त त्यांचं कपाळ दिसायचं. पुतण्याने लाडू वळून दाखवले, सुपारीएवढे. सूनबाईने एक खाऊन अंगठा वर केला. सगळं छान चाललं होतं, फक्त मी प्रत्येक कॉलमध्ये एकच बघत होते. बाळाच्या अंगात काय आहे? दुकानातले कपडे होते, चेन लावलेले, सशाची चित्रं असलेले. मऊ असतील, माझी तक्रार नव्हती. पण मलमल कुठे दिसली नाही. वहिनीही तेच बघत होत्या, ते मला कळत होतं, कारण त्या त्याबद्दल एक शब्द काढत नव्हत्या. एरवी बाळाच्या टोपीच्या गोंड्यावरही त्यांचं मत असतं.

चिठ्ठी मीच लिहिली होती. ‘सोपवतो’ हा शब्द तिला जड झाला असेल, असं माझ्या डोक्यात बसलं. साधं ‘भेट’ लिहायला हवं होतं. पुस्तिकेत चूक झाली तर मी सुधारित पान पाठवते. इथे काय पाठवणार?

मग एका सकाळी वहिनींचा फोन आला. ‘‘ये जरा.’’

‘‘काय झालं?’’

‘‘परत आलं.’’

मी चप्पल घालून निघालेच. टेबलावर परदेशी तिकिटं लावलेलं मऊ पाकीट होतं, न उघडलेलं. वहिनी बाजूला बसून त्यावरून बोटं फिरवत होत्या. ‘‘झबलंच आहे. हाताला कळतंय. साडी ठेवून गेली, झबलं पोस्टाने पाठवलं.’’ त्या रागावल्या नव्हत्या. आवाज अगदी साधा होता आणि तोच मला ऐकवेना.

‘‘कात्री कुठाय?’’

‘‘राहू दे गं. नंतर बघू.’’

‘‘कात्री, वहिनी.’’

मी पाकीट कापलं. झबलं इस्त्री केलेलं, पातळ कागदात गुंडाळलेलं. मी ते उघडून टेबलावर पसरलं. गळ्यापाशी तेलाचा एक पुसट नवा डाग होता. आणि लाल, हिरवा, निळा हे बंद होते, पण माझा पिवळा नव्हता. त्याच्या जागी निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जाड कापडाचा बंद. बारीक टाके, अगदी सरळ, गणिताच्या बाईला शोभतीलसे.

वहिनींनी तो बंद दोन बोटांत धरला.

सोबत चिठ्ठी होती, फ्रेंचमध्ये, मला लिहिलेली. ‘प्रिय काकू’ एवढं मराठीत, अक्षरं एकेक चित्र काढावं तशी. मी मोठ्याने मराठी करत वाचत गेले. ‘पहिल्या दिवशी दवाखान्यात बाळाला हेच घातलं. फोटोत आलं नाही, कारण वरून दुपटं होतं आणि फोटो काढणारा माणूस रडत होता. मी बंद मोजले, रंग बघितले आणि मला वाटतं मला समजलं. हा बंद माझ्या आईच्या बेकरीतल्या एप्रनचा आहे. तिने स्वतः कापून दिला. सगळ्यांत सैल पिवळाच होता, क्षमा करा. पण तो मी टाकलेला नाही.’

पुढच्या वाक्यात तिने तोच शब्द वापरला होता जो मी टाळला होता. ‘गार्दे’. ‘पिवळा मी माझ्याजवळ जपून ठेवला आहे.’

वहिनी हसायला लागल्या. ‘‘बघ! वाकडा लिहिलंस ना? बरोब्बर तोच काढला.’’

‘‘काढला नाही, ठेवलाय,’’ मी म्हटलं. माझं सगळ्यांत वाईट शिवणकाम ल्योंमध्ये कोणाच्या तरी खणात नीट ठेवलेलं आहे. माझ्या कुठल्याही चांगल्या कामाची एवढी कदर झालेली नाही.

शेवटी एक प्रश्न होता. ‘आता पुढचं बाळ कोणाचं?’

उत्तर दोघींनाही माहीत होतं. भाभींची मुलगी, हिरव्या बंदाची, सातव्या महिन्यासाठी माहेरी आली होती. मी म्हटलं, मी खाली देऊन येते. वहिनी काठी घेऊन उभ्या राहिल्या. लिफ्टमध्ये त्यांनी झबलं परत उशीच्या खोळीत घातलं.

भाभींनी दार उघडलं. ‘‘अरे, मोठ्या वहिनी! तुम्ही कशाला उतरल्या, पायाचं बघा ना. मी आले असते वर.’’

‘‘घ्या,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘फ्रान्सला जाऊन आलंय.’’

भाभींनी खोळ तिथेच दारात रिकामी केली आणि नवा बंद उजेडाकडे धरला. ‘‘हा कोणाचा? टाका बघा. आमच्या मशीनला पण असा येत नाही.’’ मग आत वळून लेकीला हाक मारली, ‘‘अगं बाहेर ये, तुझं झबलं आलं. आणि सुई-धागा काढून ठेव आत्ताच!’’

वर आल्यावर वहिनींनी कपाट उघडायला लावलं. पैठणी खालच्या खणात होती, जुन्या पांढऱ्या पंचात. तेव्हा ती फक्त नेसायला दिली आहे असं समजूनच सूनबाई ठेवून गेली असणार, हे आता दोघींनाही दिसत होतं. मी ती काढून टेबलावर ठेवली. पुढचं सामान कोणाबरोबर जाईल, किती वजन चालेल, हे मी मनात जुळवायला लागले होते, आणि सवयीने पेनही घेतलं.

‘‘चिठ्ठीत काय लिहू?’’

वहिनी पंचाची गाठ मारत होत्या. ‘‘काही नको,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिला कळतं.’’